समुद्र ज्याला सोडून गेला ते गाव

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळ एका लहानशा टेकडीवर राय नावाचे गाव वसले आहे. आगगाडीतून उतरताच लाल कौलांची घरे आणि टेकडीच्या माथ्यावरील जुने चर्च दृष्टीस पडते. हे शांत गाव एके काळी नामांकित बंदर होते, असे सांगितले तर नव्या प्रवाशाचा त्यावर विश्वास बसत नाही. कारण आज समुद्र येथून सुमारे तीन किलोमीटर दूर आहे!

मध्ययुगात इंग्लंडच्या राजापाशी कायमचे आरमार नव्हते. या किनाऱ्यावरील बंदरांचा एक संघ होता. त्याने दरवर्षी १५ दिवस ५७ जहाजे स्वखर्चाने राजाच्या सेवेस द्यावीत आणि राजाने त्या बंदरांना करांत सवलत द्यावी, अशी व्यवस्था होती. राय या संघात सामील होते. १२८७ साली मोठे वादळ झाले. त्यात शेजारचे विंचेल्सी गाव समुद्राने गिळले. परंतु रॉदर नदी मार्ग बदलून रायजवळ समुद्रास मिळू लागली आणि रायच्या बंदराची भरभराट झाली.

गावात शिरताना चौदाव्या शतकातील दगडी वेस लागते. भरतीच्या वेळी पाणी गावाला वेढून टाकी, तेव्हा जमिनीवरून आत येण्यास हीच वाट उरत असे. तरीही १३७७ साली फ्रेंचांनी समुद्रमार्गे येऊन गाव जाळले आणि चर्चच्या घंटा पळवून नेल्या. पुढच्याच वर्षी राय व विंचेल्सी येथील खलाशांनी नॉर्मंडीवर स्वारी करून त्या घंटा परत आणल्या, असे सांगतात.

जळालेले गाव लोकांनी पुन्हा उभारले. गोट्यांनी मढविलेल्या मरमेड रस्त्यावर लाकडी चौकटींची जुनी घरे आजही उभी आहेत. चर्चमधील घड्याळ १५६१-६२ साली बसविलेले असून ते अद्याप चालते. त्याला मागाहून जोडलेला लांब लंबक चर्चच्या आत, माणसांच्या डोक्यावर, संथपणे हेलकावे घेत असतो.

मनोऱ्यावर चढून पाहावे, तर जेथे जहाजे नांगर टाकीत तेथे आता हिरवी कुरणे पसरलेली दिसतात. हे कसे घडले? लाटांनी किनाऱ्यावर गोटे आणून टाकले आणि नदीने गाळ आणला. त्यातच माणसांनी बांध घालून खाजणांची शेते केली. पूर्वी भरतीचे पाणी खाजणांत पसरे आणि ओहोटीबरोबर जोराने परतताना बंदरातील गाळ वाहून नेई. बांधांमुळे ते पाणी येईनासे झाले व बंदर भरत गेले. बंदराच्या रक्षणासाठी आठव्या हेन्री राजाने बांधलेला कॅम्बरचा किल्लाही १६३७ साली सोडून द्यावा लागला. आज त्याच्या भोवती मेंढ्या चरतात.

शेती मिळाली, पण बंदर हातचे गेले. व्यापार ओसरल्यामुळे जुनी घरे पाडून नवे वाडे बांधण्याइतका पैसा पुष्कळांजवळ उरला नाही, आणि म्हणूनच मध्ययुगातील राय आपणांस आज पाहावयास मिळते. तथापि गावाचे समुद्राशी असलेले नाते तुटलेले नाही. कोळ्यांच्या काही होड्या अजूनही रॉदर नदीतून समुद्रावर जातात व मासळी घेऊन गावी परततात.