फुकटचे औषध कोणाच्या पैशाचे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. निर्णय गरिबांच्या हिताचा आहे. परंतु आमच्या जानेफळात ‘सरकारी, म्हणजे फुकटचे’ असे कोणी म्हणाले, की मला विचारावेसे वाटते, मग पैसे दिले कोणी? साबणाच्या वडीवर, चपलेच्या जोडावर मजूरही कर भरतो. दवाखान्यातली गोळी त्यातूनच येते.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, असे तत्त्व १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने मांडले. पुढे उभी राहिलेली व्यवस्था शिडीसारखी आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकांमागे उपकेंद्र, ३०,००० लोकांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यावर ग्रामीण रुग्णालय व जिल्हा रुग्णालय. आमच्यासाठी या पायऱ्या म्हणजे जानेफळ, मेहकर, बुलढाणा. साधा ताप घेऊन माणूस थेट बुलढाण्यास गेला, तर तेथील रांग वाढते आणि अत्यवस्थ रोगी मागे राहतो.

मग दोष लोकांचाच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जवळच्या पायरीवर डॉक्टर भेटेल, औषध मिळेल याची खात्री नसेल, तर माणूस वरची पायरी चढणारच. शासनाचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्के व्हावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही.

तरीही आपल्या हाती काही आहेच. आमच्या आजीला सुई टोचल्याशिवाय इलाज झाला असे वाटत नाही. वस्तुतः साध्या सर्दीला सुईही नको आणि प्रतिजैविकही नको. जुलाब लागले, तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे व मिठाचा अर्धा चमचा विरघळवून घोट घोट पाजावे. मूल मलूल झाले, तर मात्र तडक दवाखाना गाठावा. हे ज्ञान गावातच रुजविता येते. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अल्पशिक्षित, कित्येक निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून ते दाखवून दिले.

आपल्यापैकी पुष्कळजण घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी घरच्यांना समजावून सांगणे, दिलेल्या गोळ्या पुऱ्या घ्यावयास लावणे आणि ग्रामसभेत औषधांच्या साठ्याची व रिकाम्या जागांची चौकशी करणे, ही कामे आपण नाही तर कोणी करावयाची? जपून वापरणे आणि हिशेब मागणे, ही दोन्ही मालकाची कामे आहेत; आणि सरकारी दवाखाना आपल्याच पैशाचा आहे.