पाहुण्या संगणकालाही राखण हवी

मार्चअखेरची कामं अंगावर आली होती. एका अशिलाचा पेनड्राइव्ह लावला, त्यातली एक फाइल उघडली; पडद्यावर काहीच आलं नाही, म्हणून पुढच्या कामाला लागलो. तासाभरात डी ड्राइव्हवरचे ताळेबंद, चलनं, अशिलांची कागदपत्रं, काहीच उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी मात्र होती.

संगणकावर विंडोज १० होती, विकत घेतलेला अद्ययावत अँटिव्हायरस होता. तो गप्प कसा राहिला?

आमचा हिशेबाचा जुना प्रोग्रॅम विंडोज ७ वरच चालतो. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्रॅममध्ये विंडोज ७ चं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला दुसरा संगणक, केलं होतं. पेनड्राइव्ह जोडला तो त्यात. तिथे अँटिव्हायरस नव्हता. मूळ संगणकावर आहे तेवढा पुरे, असं मी धरून चाललो होतो. शिवाय फाइलींची ने-आण सोपी व्हावी म्हणून अख्खा डी ड्राइव्ह शेअर्ड फोल्डर करून त्या मशीनला दिला होता, तोही लिहिण्या-पुसण्याच्या मुभेसह.

होस्टवरच्या, म्हणजे मूळ संगणकावरच्या, अँटिव्हायरसला व्हर्च्युअल मशीनची डिस्क ही एक भलीमोठी फाइल दिसते. आत कोणता प्रोग्रॅम चालला आहे हे त्याला कळत नाही. शेअर्ड फोल्डरमधल्या फाइली आतून बदलल्या, तर त्या खुद्द व्हर्च्युअलबॉक्सने बदलल्या असं त्याला वाटतं, आणि व्हर्च्युअलबॉक्स तर विश्वासातला. मे २०२० मध्ये सोफॉस या सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या, रॅग्नार लॉकर या रॅन्समवेअरच्या हल्ल्यात गुन्हेगारांनी हीच फट मुद्दाम वापरली होती: होस्टवर विंडोज एक्सपीचं छोटं व्हर्च्युअल मशीन बसवून त्यातून होस्टच्या फाइली कुलूपबंद केल्या होत्या.

स्नॅपशॉटवर, म्हणजे मशीनच्या जतन करून ठेवलेल्या आधीच्या स्थितीवर, माझी भिस्त होती. त्याने विंडोज ७ पूर्ववत झाली, डी ड्राइव्ह नाही. स्नॅपशॉट फक्त त्या मशीनपुरता असतो. कपाटात काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर तीन आठवड्यांपूर्वीचा बॅकअप होता, म्हणून निभावलं. मधल्या तीन आठवड्यांच्या नोंदी रात्री जागून पुन्हा केल्या.

व्हर्च्युअल मशीन वापरणाऱ्यांना म्हणून कळकळीने सांगतो. होस्ट आणि प्रत्येक मशीन, दोन्हीकडे अँटिव्हायरस ठेवा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला सर्वसाधारण ग्राहकांसाठी थांबले. त्यामुळे निवडलेला अँटिव्हायरस तिथे अजून चालतो का, हे आधी पाहा. जुन्या मशीनला इंटरनेटची गरज नसेल तर त्याचं नेटवर्क बंदच करा. गरज असेल तर नेटवर्कचा प्रकार ब्रिज्ड नको, एनएटी ठेवा. ब्रिज्डमध्ये ते ऑफिसच्या नेटवर्कवर इतर संगणकांच्या रांगेत येऊन बसतं. शेअर करायचा तर एकच फोल्डर करा, तोही फक्त वाचण्यापुरता. आतून काही बाहेर काढायचं असेल तर त्यासाठी वेगळा, रिकामा फोल्डर द्या. बाहेरचा पेनड्राइव्ह आधी होस्टवर तपासा. व्हर्च्युअलबॉक्सचे अपडेटही टाळू नका. २०१५ मध्ये सापडलेल्या ‘व्हेनम’ या त्रुटीने मशीनमधून थेट होस्टवर शिरण्याची वाट दाखवली होती. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. अनेक मशीन असतील तर पूर्ण स्कॅनच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा. सगळी एकदम सुरू झाली की होस्ट मंदावतो आणि कंटाळून माणूस स्कॅनच बंद करतो.

आता कुणी व्हर्च्युअल मशीन दाखवलं, की अँटिव्हायरस कोणता हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, त्याला तुमचे कोणते फोल्डर उघडून दिलेत?