आज्ञावली आणि प्रोसेसर : कामाची जागा ठरविताना

प्रस्तुत स्मरणिकेची पाने जुळवीत असताना कार्यालयातील एकुलता एक संगणक वारंवार अडखळत असे. त्यावर जुन्या स्नेहसंमेलनांच्या चित्रफितींचे रूपांतर चाले आणि त्याच वेळी वसतिगृहातील मुले लेख टंकलिखित करीत. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला क्षणभर थांबावे लागे. नवा संगणक घ्यावा, अशी सूचना पुढे आली. त्याआधी आहे तोच जरा समजून घ्यावा, असे आम्ही ठरविले.

आजच्या संगणकात एकाहून अधिक प्रोसेसर असतात. कोणती आज्ञावली कुठे चालवायची हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते आणि गरजेनुसार ती एका प्रोसेसरवरून दुसऱ्यावर हलवतेही. अभ्यासिकेत विद्यार्थ्याला मध्येच दुसऱ्या मेजावर बसविले, तर वह्या-पुस्तके पुन्हा मांडावी लागतात. तसेच इथे घडते. प्रत्येक प्रोसेसरजवळ कॅश नावाची छोटी पण अतिशय वेगवान स्मृती असते. जागा बदलली की ती नव्याने भरावी लागते. म्हणून काही कामे ठरावीक प्रोसेसरांशी बांधण्याची मुभा दिलेली आहे. एरवी मात्र ऑपरेटिंग सिस्टिमचीच निवड बहुधा योग्य असते, हेही सांगितले पाहिजे.

लिनक्समध्ये यासाठी टास्कसेट ही आज्ञा आहे. गणती शून्यापासून होते. प्रोसेसर ० चे मूल्य १, १ चे २, २ चे ४, ३ चे ८. हवे असतील त्यांची बेरीज करून सांगावी. ० आणि २ हवे असल्यास ५. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या डिटेल्स यादीत आज्ञावलीवर उजवी कळ दाबून सेट अ‍ॅफिनिटी निवडले, की केवळ खुणा करावयाच्या असतात.

आमचा संगणक विंडोजचा. चार प्रोसेसर दिसत होते, म्हणून रूपांतराला आम्ही ० आणि २ दिले. फरक फारसा पडला नाही. मग लक्षात आले, की प्रत्यक्षात गाभे दोनच आहेत आणि प्रत्येक गाभा दोन प्रोसेसर असल्यासारखा दिसतो. ० व १ एका गाभ्याचे, २ व ३ दुसऱ्याचे. म्हणजे आम्ही दोन्ही गाभ्यांवर ओझे टाकून बसलो होतो! ० आणि १ यांवर खूण करताच दुसरा गाभा मोकळा झाला व टंकलेखन सुरळीत चालू लागले. ही जोडी प्रत्येक संगणकात याच क्रमाने असेल असे नाही. ती आधी तपासावी.

आज्ञावली बंद करून पुन्हा उघडली, की ही निवड पुसली जाते. शिवाय बांधणे म्हणजे राखून ठेवणे नव्हे. त्या प्रोसेसरवर इतर कामेही येऊ शकतात.

रूपांतराला अर्थातच अधिक वेळ लागू लागला. म्हणून रात्रीच्या वंदनेनंतर, मुले झोपायला गेली की, चारही प्रोसेसर त्याला मोकळे करून आम्ही कार्यालयाला कुलूप लावीत असू.