अकाली पाणमोट फुटणे : निदान व व्यवस्थापन

गर्भाभोवतीच्या जलपूर्ण आवरणास पाणमोट म्हणतात. प्रसूतिकळा सुरू होण्यापूर्वीच ती फुटल्यास जंतुसंसर्गाचा धोका संभवतो. कळा नसल्याने कुटुंबीय घरीच थांबतात आणि हा विलंब माता व बालकाच्या जिवावर बेतू शकतो.

उपचारांची दिशा गर्भाच्या वयावरून ठरते. 37 आठवडे पूर्ण झाले असल्यास सामान्यतः प्रसूती घडवून आणणे इष्ट ठरते. त्यापूर्वी, संसर्ग वा अन्य गुंतागुंत नसल्यास, रुग्णालयात देखरेखीखाली प्रतीक्षा केली जाते व प्रतिजैविके दिली जातात. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव ही संसर्गाची लक्षणे दिसल्यास मात्र प्रसूती लांबवता येत नाही. वारंवार अंतर्तपासणी टाळणे आवश्यक असते.

केंद्र शासनाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 24 ते 34 आठवड्यांदरम्यान अकाली प्रसूतीची शक्यता असल्यास गर्भाची फुप्फुसे परिपक्व होण्यासाठी डेक्सामेथासोनच्या 6 मिलिग्रॅमच्या चार मात्रा 12 तासांच्या अंतराने दिल्या जातात. पहिली मात्रा देऊन उपकेंद्रातील परिचारिकाही मातेस पुढील रुग्णालयात पाठवू शकते. 2011 मध्ये सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे व वाहतूक निःशुल्क आहे. मात्र या सुविधांचा उपयोग कळांची वाट न पाहता वेळीच रुग्णालय गाठण्यावर अवलंबून आहे.