लाकडी तलवारी

इ. स. १९१२ मधील गोष्ट. दादर येथील 'मथुरा भवन' या घरात त्या वर्षी मोठी लगबग चालली होती. आवारात राजवाड्याचे देखावे उभे राहत होते. स्वयंपाकघरात साठ-सत्तर माणसांचे अन्न शिजत होते. रात्र झाली, की घरची गृहिणी, सरस्वतीबाई, अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडीत असे. घरधन्याचे नाव होते धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखू लागला. ते 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार करीत होते.

दादासाहेबांच्या हातांत अनेक कला होत्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले होते. चित्रे काढणे, मातीच्या मूर्ती घडविणे, छायाचित्रे घेणे, जादूचे खेळ करणे, हे सर्व त्यांना येत असे. आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती केल्याबद्दल १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले होते. धन मात्र नव्हते. सरस्वतीबाईंनी आपले दागिने पुढे केले, तेव्हा कोठे काम सुरू झाले.

राजाची कथा म्हटली, की तलवारी, ढाली आणि भाले आलेच. खरी शस्त्रे जड आणि धोक्याची. म्हणून ती लाकडाची होती. अशी तलवार करण्याची रीत साधी आहे. कागदावर आकार काढून तो सरळ रेषांच्या हलक्या फळीवर उतरवितात. मग पाते दोन्ही अंगांनी तासून मध्ये उंचवटा राखतात. काचकागदाने घासून ते गुळगुळीत झाले, की रुपेरी रंग देतात किंवा बेगड चिकटवितात. मुठीला सुतळी गुंडाळली, की काम पुरे झाले. त्या काळची फिल्म रंग दाखवीत नसे. तिच्यावर केवळ प्रकाश व छाया उमटत. लाल वस्त्र तर काळे दिसे. म्हणून वस्तू कशाची आहे यापेक्षा ती प्रकाशात कशी दिसते, याला महत्त्व होते.

या शस्त्रांनी एकदा मोठाच घोटाळा केला, अशी आठवण सांगतात. बाहेरील देखावे टिपण्यासाठी मंडळी कल्याण-कर्जत मार्गावरील वांगणी गावी गेली. दादासाहेब तापाने आजारी असल्यामुळे मागे राहिले होते. ढाल-तलवारी घेतलेले अनोळखी लोक पाहून गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोरच आले! त्यांनी पोलीस पाटलांना वर्दी दिली आणि पाटलांनी सर्वांना अटकेत ठेविले. चित्रपट म्हणजे काय, हेच गावात कोणाला ठाऊक नव्हते. मग सांगणे पटावे कसे? वार्ता कळताच दादासाहेब अंगात ताप असताही धावून आले. त्यांनी कॅमेरा दाखविला, त्यात फिल्म न घालताच नटांकडून एक प्रसंग करवून घेतला आणि सारा प्रकार समजावून दिला. तेव्हा पाटलांची खात्री पटली व मंडळींची सुटका झाली. कारागिरी इतकी हुबेहूब, की तिच्यामुळे कारागीरच संकटात सापडले!

सुमारे सात महिन्यांच्या श्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा चित्रपट सिद्ध झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसमोर आला. सत्यासाठी सर्वस्व देणाऱ्या राजाची कथा लाकूड, कापड आणि रंग यांच्या आधारे पडद्यावर जिवंत झाली. तलवारी खोट्या होत्या. त्यांच्यामागचे कष्ट मात्र खरे होते.

शब्दार्थ : प्रतिकृती – हुबेहूब नक्कल, बेगड – चकाकणारा पातळ पत्रा, वर्दी – खबर, सिद्ध होणे – तयार होणे.

स्वाध्याय
१. गावकऱ्यांचा गैरसमज का झाला? तो कसा दूर झाला?
२. सरस्वतीबाईंनी कोणकोणते साहाय्य केले?
३. 'तलवारी खोट्या होत्या. त्यांच्यामागचे कष्ट मात्र खरे होते.' स्पष्ट करा.
४. शाळेच्या नाटकासाठी लाकडाची किंवा पुठ्ठ्याची एक वस्तू तयार करा व तिची कृती लिहा.