दहा शब्द नकोत, तीनच घे

मुलं शब्दार्थ घडाघडा म्हणून दाखवतात, पण बोलताना-लिहिताना त्यातला एकही शब्द वापरत नाहीत, म्हणून हैराण झाली आहेस ना? आधी जरा शांत हो बघू. तू कमी पडते आहेस असं मुळीच नाही गं. चौथीच्या वर्गावर नव्यानं गेलेल्या प्रत्येक बाईंना हे कोडं पडतंच. पाठ होणं आणि वापरता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय. पुढचं जमेल तुला.

खरं सांगू का, धड्याखालचे सगळे शब्दार्थ फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी ते वहीत पाच-पाच वेळा उतरवायचे, यात हात तेवढा दुखतो. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते छापले. पाठ केलेलं सुरुवातीच्या काही तासांतच भराभर विसरतं, आणि मध्ये वेळ जाऊ देऊन उजळणी केली तर जास्त टिकतं, असं त्याला दिसलं. म्हणजे बघ, सोमवारी एका दमात पाच वेळा लिहिण्यापेक्षा सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि पुढच्या सोमवारी त्या शब्दाशी एकेकदा गाठ पडलेली बरी.

पण एवढ्या गाठीभेटी दहा शब्दांच्या कशा घडवणार? म्हणून शब्द कमी घे. एका धड्याला तीन, फार तर चार. बाकीच्यांचा अर्थ वाचता वाचता सांग आणि पुढे चल.

तीन कोणते, ते कसं ठरवायचं? अमेरिकेतल्या इझाबेल बेक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये शब्द शिकवण्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात शब्दांचे तीन थर केले आहेत. चेंडू, पळणे, भूक हे पहिल्या थरातले शब्द मुलं घरूनच घेऊन येतात. अक्षांश, बाष्पीभवन हे एकेका विषयाचे शब्द, ते त्या त्या तासाला येतील. मधल्या थरात येतात संकोच, चिकाटी, अपुरा, सावध यांच्यासारखे शब्द. ते गोष्टीत येतात, इतिहासात येतात, बातमीत येतात, पण घरच्या बोलण्यात तितके येत नाहीत. तुझी सगळी मेहनत या मधल्या थरावर घाल.

आता ‘संकोच’ घे. ‘संकोच म्हणजे लाज’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. मुलांच्या भाषेत सांग, की आपल्याला काही हवं असतं किंवा बोलायचं असतं, पण समोरच्याला काय वाटेल म्हणून आपण मागे सरतो, तेव्हा संकोच वाटतो. मग लगेच प्रश्न विचार. पाहुण्यांच्या घरी दुसरा लाडू मागायला संकोच वाटेल का? आज्जीकडे मागायला वाटेल का? आणि ‘बाई, मला समजलं नाही’ असं म्हणायला? अट एकच, उत्तरात ‘संकोच’ आणि ‘कारण’ हे दोन्ही शब्द आले पाहिजेत. ‘मला आज्जीकडे लाडू मागायला संकोच वाटत नाही, कारण ती स्वतःच डबा पुढे करते.’ असं वाक्य मुलाच्या तोंडून निघालं की शब्द त्याचा झाला म्हणून समज. आणि तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नीट कान देऊन ऐक. कुणाला तुझी भीती वाटते, तेही त्यातून कळेल.

मग एक दिवस मुलांना उभं कर. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरात लिही: गारढोण, गार, कोमट, गरम, कढत, उकळतं. सहा मुलांच्या हातात सहा पत्रिका दे आणि म्हण, ‘थंडापासून गरमापर्यंत ओळीनं उभे राहा.’ गरम आधी की कढत, यावर वाद होणारच. होऊ दे गं! ‘कढत पाण्यात हात घालवत नाही, गरम पाण्यानं अंघोळ करता येते’ असं एखादी मुलगी ठणकावून सांगेल, तेव्हा तुला व्याख्या सांगायची गरजच उरणार नाही. असंच हसण्याचं कर: स्मित करणं, खुदकन हसणं, खदखदून हसणं. मुलं हसून दाखवतील तेव्हा आवाज होईल, पण शेजारच्या वर्गाला आधी सांगून ठेवलंस की झालं.

शब्दांची कुटुंबंही काढून घे. फळ्याच्या मधोमध ‘घर’ लिही आणि मुलांना भोवती गोळा करू दे: घरकुल, घरगुती, घरपण, घरोबा, बेघर. मग नुसतं ‘दार’ लाव: चवदार, जबाबदार, पाणीदार. एक शब्द फोडायला शिकलं की अनोळखी शब्द समोर आला तरी मूल घाबरत नाही, त्यातला ओळखीचा तुकडा शोधतं.

परिसर अभ्यासातल्या शब्दांसाठी मात्र चार खणांची चौकट आख. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. मध्ये ‘कीटक’ लिही. एका खणात अर्थ, दुसऱ्यात खुणा: सहा पाय, शरीराचे तीन भाग. तिसऱ्यात मुंगी, झुरळ, फुलपाखरू. चौथ्यात कीटक नसलेले. खरी मजा चौथ्या खणात आहे बघ. कोळी कुठे टाकायचा? मुलं पाय मोजायला लागतात, आठ निघतात, आणि कोळी चौथ्या खणात जातो. हे त्यांच्या मनातून पुसतो म्हटलं तरी पुसलं जाणार नाही.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. मुलाच्या घरच्या शब्दाला कधीही ‘चूक’ म्हणू नकोस. मराठवाड्यातलं, विदर्भातलं लेकरू पेरूला जांब म्हणतं. तुझ्या वर्गात अहिराणी, मालवणी, वारली, गोरमाटी बोलणारी मुलं असतील. फळ्यावर दोन रकाने कर, एक ‘पुस्तकात’ आणि एक ‘आमच्या घरी’. जे मूल महिनाभर तोंड उघडत नाही ना, ते दुसऱ्या रकान्यासाठी पहिल्यांदा हात वर करतं. आधी त्याचा शब्द आदरानं लिहून घे, मग पुस्तकातला शब्द तेही आनंदानं घेईल.

आता तुझ्या काळज्या. ‘अभ्यासक्रम कधी संपवू?’ अगं, यासाठी वेगळा तास लागत नाही. परिपाठात एक प्रश्न, मधल्या सुट्टीआधी दोन मिनिटं, शाळा सुटताना एक वाक्य. दोन इयत्ता एकत्र असतील तर ओळीचा खेळ दोन्हींना मिळून घे, लहान मुलं मोठ्यांचं ऐकून उचलतात. ‘केंद्रप्रमुख आले तर?’ येऊ देत की. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि उपक्रम आहेतच. कोणत्या मुलानं कोणता शब्द आपणहून वापरला त्याची छोटी वही ठेव आणि ती पुढे कर. शिवाय भिंतीवर त्या लग्नपत्रिका लावून ठेव. शब्द रोज डोळ्यांसमोर राहतील आणि निबंध लिहिताना माना आपोआप तिकडे वळतील.

हे सगळं एकाच आठवड्यात करायला जाऊ नकोस हं. या आठवड्यात फक्त प्रश्न विचार, ओळीचा खेळ पुढच्या आठवड्यात, चौकट त्यानंतर. मागचे शब्द मात्र मध्ये मध्ये उकरून काढत राहा, नाहीतर ते निसटतील.

तर आज टाचण लिहायला बसशील तेव्हा उद्याच्या धड्यातले तीन शब्द काढ आणि प्रत्येकाचे तीन प्रश्न लिहून ठेव. तेवढं पुरे. मग वही मीट, नीट जेव आणि वेळेवर झोप. शनिवारी फोन कर मला. लाडवाच्या प्रश्नाला मुलांनी काय काय कारणं दिली, ती सगळी ऐकायची आहेत.