कृष्णाकाठची पोर आणि खारं पाणी

पोहता येतं का, असं चिल्काला नौदलाच्या ट्रेनिंगला गेल्यावर विचारतील तेव्हा ‘नदीत पोहते, सर’ एवढंच म्हण. कृष्णेचा पूर पोहून गेलेय वगैरे गावाकडची फुशारकी तिथं नको. भिलवडीच्या घाटावर आपली पोरं पोहतात ती मुंडी वर काढून, धारेला तिरकी जात. नदीला ते बरोबर आहे. समोरचा काठ दिसत असतो आणि धार खाली नेता नेता कुठंतरी काठाला लावतेच. समुद्रात काठ नसतो, पोरी. जहाज सोडलं की चारी बाजूंनी पाणी. तिथं जोर लावून जायचं कुठं? म्हणून नौदलात पोहणं शिकवतात ते कुठंतरी पोचायला कमी आणि कुणीतरी आपल्यापर्यंत पोचेस्तोवर टिकायला जास्त. मला तुला सांगायचं आहे ते सगळं याच्यापाशीच येतं. दम खर्चू नकोस, राख.

जायला अजून दिवस आहेत तोवर एक काम कर. परसात घमेलं भरून ठेव, त्यात तोंड बुडव आणि नाकातोंडातून हळूहळू बुडबुडे सोड. सगळी हवा सोडून झाली की तोंड वर, एक श्वास, परत आत. आई हसेल, हसू दे. नदीवर शिकलेल्यांची खोड एकच, पाण्यात श्वास कोंडून धरायचा आणि वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही एकदम करायचं. त्यातच घुसमट होते आणि पाणी नाकात जातं. श्वास पाण्यातच सोडायची सवय लागली की अर्धं पोहणं आलं म्हणून समज. पीटी इन्स्ट्रक्टर बाकीचं शिकवतो, पण ही सवय लावायला त्यालाही वेळ लागतो आणि तुझ्याकडं एकूण सोळा आठवडे आहेत. त्यात परेड, बंदूक, दोरकाम, बोट, वर्ग, सगळं बसवायचं असतं.

दुसरं तरंगणं. उताणं तरंगणं तुला येतं. पोरींना ते पोरांपेक्षा सहज जमतं, अंगाची ठेवणच तशी असते. खाऱ्या पाण्यात तर अंग आणखी हलकं होतं. पण लाटा असल्या की उताण्या माणसाच्या तोंडावर पाणी आपटत राहतं. तेव्हा पालथं तरंगायचं. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड पाण्यात सोडायचं, हात-पाय नुसते लोंबकळू द्यायचे. मान सैल. श्वास लागला की हातांनी पाणी अलगद खाली दाबायचं, फक्त तोंड वर येईल एवढंच, आणि परत खाली. बघणाऱ्याला वाटतं माणूस मेला. अमेरिकेत जॉर्जिया टेक नावाच्या कॉलेजात फ्रेड लानू नावाचा पोहण्याचा मास्तर होता. त्यानं १९४० च्या सुमारास हे तंत्र बसवलं आणि तो पोरांचे हातपाय बांधून त्यांना पाण्यात तरंगायला लावायचा. पुढं तिकडच्या सैन्यानंही ते उचललं. बांधलेल्या हातापायांनी माणूस तरंगू शकतो, मग मोकळ्या हातापायांनी बुडतो कसा? धडपडून. बुडणारा पुष्कळदा ताकद संपल्यानं बुडतो आणि ती ताकद त्यानं सुरुवातीलाच उधळलेली असते.

पाणी गार असलं तर आणखी एक. गार पाण्यात पडल्या पडल्या श्वास आपोआप धापा टाकायला लागतो, छाती आवळते, वाटतं आता गेलो. ते मिनिटाभरात ओसरतं. त्या मिनिटात काहीही करायचं नाही. पोहायचं नाही, ओरडायचं नाही, कपडे काढायला जायचं नाही. तोंड पाण्यावर ठेवून श्वास ताब्यात येऊ द्यायचा, मग डोकं चालवायचं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या तलावात उतरशील तेव्हा मामाची आठवण येईल.

आता उडीचं. उंच फळीवरून उडी मारायला लावतात आणि तिथं भले भले हरियाणवी पैलवान शिडीला धरून उभे राहिलेले मी पाहिलेत. विहिरीवर तू सूर मारतेस, मुटका मारतेस, ते दोन्ही इथं विसर. जहाजावरून उडी सरळ, पाय खाली. आधी खाली बघून घ्यायचं, कुणी माणूस नाही, लाकूड-पत्रा नाही. मग नजर समोर क्षितिजावर. एकदा पाऊल उचललं की खाली बघायचं नाही, कारण खाली बघितलं की अंग पुढं झुकतं आणि पाणी छातीवर, पोटावर फटका देतं. एका हातानं नाक-तोंड दाबायचं, दुसरा हात त्याच्यावरून आडवा घालून लाइफ जॅकेट घट्ट खाली धरायचं. पाय घोट्यापाशी एकावर एक. जॅकेट धरलं नाही तर तू खाली जातेस आणि ते वर येतं, हनुवटीवर असा दणका बसतो की मान दुखावते. जुन्या कडक बुचाच्या जॅकेटांनी तर माणसांच्या माना मोडलेल्या आहेत. फळीवर उभं राहून विचार करत बसू नकोस. जितका वेळ उभी राहशील तितकी फळी उंच होत जाते.

जॅकेटचा विषय निघालाच आहे तर तौक्तेचं सांगतो. १७ मे २०२१ ला ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रावरून गेलं तेव्हा बॉम्बे हायजवळ तेलविहिरींच्या कामावरचं पी-३०५ नावाचं बार्ज नांगर तुटून भरकटलं आणि बुडालं. त्याच्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची, आयएनएस कोलकाता त्या वाऱ्यात तिथं गेल्या आणि नौदलानं १८० हून जास्त माणसं जिवंत काढली. ती माणसं काही पोहणारे पहिलवान नव्हती. वेल्डर, फिटर, स्वयंपाकी. जॅकेट घालून, एकमेकांना धरून ती तासन्‌तास लाटांवर राहिली. एकटं डोकं खवळलेल्या समुद्रात दिसत नाही. दहा डोकी एकत्र असली तर दिसतात, शिवाय अंगाला अंग लागून ऊब राहते. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगानं ओढून घेतं, आपल्या कोमट अरबी समुद्रातसुद्धा रात्र काढली की दात वाजायला लागतात. एकटी असलीस तर गुडघे छातीशी घेऊन, हातांनी कवटाळून बसल्यासारखी तरंग. काखा आणि जांघा झाकल्या पाहिजेत, तिथूनच ऊब जाते. आणि तहान कितीही लागो, समुद्राचं पाणी घोटभरही नाही. ते मीठ बाहेर टाकायला शरीराला घेतलं त्याहून जास्त पाणी लागतं.

जॅकेट नसलं तर अंगातली पँट काढून तिचे पाय टोकाशी गाठीनं बांधायचे, कमरेकडून हवा भरून घ्यायची आणि गळ्यात अडकवायची. सुती कापड ओलं असेपर्यंत हवा धरतं, सुकायला लागलं की सोडतं, म्हणून वरून पाणी मारत राहायचं. ऐकायला सोपं आहे. खोल पाण्यात बूट-पँट काढताना कळतं काय ते. घाटावर भावाला काठावर उभं करून, कमरेइतक्या पाण्यात दोन-चारदा करून बघ.

‘खुकरी’ या युद्धनौकेचं नाव तू वर्गात ऐकशीलच. ९ डिसेंबर १९७१ ला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीनं तिला पाणतीर मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. वर्गात त्यांच्या शौर्याचं सांगतात आणि ते सांगितलंच पाहिजे. मी तुला दुसरी गोष्ट बघायला सांगतो. जहाज काही मिनिटांत गेलं. दिवे गेलेले, डेक कललेला, खाली मेसमध्ये असलेल्या माणसाला शिडी सापडायला पाहिजे. म्हणून पुढं कुठल्याही जहाजावर गेलीस की पहिल्या रात्री आपल्या बंकपासून शिडीपर्यंत डोळे मिटून हातानं चाचपत जा. उजवीकडं काय लागतं, पाइप कुठं डोक्याला लागतो, दार कुठल्या बाजूला उघडतं. सवय बॅरेकपासून लाव. हसतील काहीजण, पण जुने लोक हसत नाहीत.

पुढं कधी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत पाठवलं तर तिथं ‘अक्षत’ म्हणून एक सिम्युलेटर आहे. जहाजाचे खणच उभे केलेत, ते हलतात, भोकांतून पाणी फवारतं आणि तुम्ही लाकडी गुडद्या, पाचरी ठोकून ते बंद करायचं. पाणी गुडघ्यावरून कमरेला येतं तेव्हा सगळे एकदम ओरडायला लागतात. ओरडू नकोस. हातोडा कुणाकडं आहे ते बघ. आणि कोचीला हेलिकॉप्टरवाल्यांसाठी पाण्यात सांगाडा बुडवून उलटा करतात, त्यातून बाहेर पडायचं असतं. तुझ्या नशिबी ते असेल-नसेल, पण त्यातला नियम सगळीकडं कामाचा आहे. एक हात ठरलेल्या दांड्यावर, सांगाडा उलटून थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. आधी सोडलास तर वर-खाली कुठं ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र तिथंही कुणाचं ऐकू नकोस. तलावात पोरं-पोरी पैजा लावतात, पाण्याखाली कोण जास्त वेळ. त्यासाठी आधी धापा टाकल्यासारखे दहा-पंधरा श्वास घेतात. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वासाची तलफ उशिरा लागते आणि तलफ लागायच्या आतच माणूस बेशुद्ध होतो. काही जाणवत नाही, वेदना नाही. बहुतेक चांगले पोहणारेच यात जातात. पैजेला सरळ नाही म्हण. आणि कुणी बुडताना दिसलं तर लगेच उडी टाकायची नाही. आधी काठी, दोर, काहीही पुढं कर, मग तरंगणारं काहीतरी फेक, मग बोट. अंगावर जाणं शेवटचं. बोटीत माणसं भरायची तर मोजून. ब्रह्मनाळला २०१९ च्या महापुरात बोट उलटून काय झालं ते तुला मी सांगायला नको, आपल्याच तालुक्यातलं आहे.

पाण्याबाहेरचं आता भराभर सांगतो. व्हेलर बोटीचं वल्हं मारताना हात नुसते धरायला, जोर पायांनी आणि पाठीनं. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतीलच, ते फोडायचे नाहीत. गाठींतली बोलाइन आणि क्लोव्ह हिच घरूनच शिकून जा. गोठ्यातला कासरा घे, खांबाला बांध, मग डोळे मिटून बांध, मग एका हातानं स्वतःच्या कमरेभोवती. पाण्यात पडलेल्याकडं दोर आला तर दुसरा हात रिकामा नसतो.

पायांकडं बघ. नवे बूट घरी घालून मोडून घे. चिल्का सरोवराच्या काठची हवा दमट, मोजे कधी वाळत नाहीत, आठवड्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. रोज रात्री बेचकं कोरडं पुसून पावडर. आणि नडगी दुखली तर नीट ऐक. दोन्ही पायांच्या नडग्या सगळीकडं ठणकत असतील तर धावण्याची सवय नाही म्हणून. एकाच जागी, बोट ठेवलं की कळ येते, रात्रीही दुखतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. पोरींमध्ये ती जास्त होते. त्या दिवशीच सिक बेत, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, जा. ‘सहन करते’ म्हणून आठवडाभर पळालीस तर प्लॅस्टर लागतं आणि बॅच पुढं निघून जाते. तिथं लपवणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही.

जायच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घे. कमी असलं तर डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या नेमानं घे, गुळाच्या खड्यावर भागणार नाही. नाचणीची भाकरी, दूध चालू ठेव. महिन्याच्या त्या दिवसांत तलावाचं काय करायचं ते तुझी मामी सांगेल, तिच्याशी बोल. तिथं विचारायला लाजू नकोस एवढंच माझं. नौदलात पोरी नौसैनिक म्हणून आल्या त्या अग्निपथ योजनेतून, २०२२ पासून. मार्च २०२३ ला चिल्काची पहिली बॅच बाहेर पडली त्यात २७३ जणी होत्या. संध्याकाळी, सूर्य मावळल्यावर परेड झाली होती ती. म्हणजे तुझे प्रश्न तिथं आधी कुणीतरी विचारून ठेवलेले आहेत.

पाणी तहान लागायच्या आधी पी, लघवीचा रंग फिका राहिला पाहिजे. पण घाम गाळून दोन-तीन लिटर नुसतं पाणीही ढोसायचं नाही, मीठ-साखर पाहिजे. जेवण जे येईल ते, वेळ कमी असतो. वर्गात झोप सगळ्यांना येते, मागं जाऊन उभी राहा, कुणी रागावत नाही. फोन मिळेल तेव्हा आईला तेवढं उंच फळीचं सांगू नकोस. परीक्षा पास झालीस की सांग. तिला मी सांगितलंय की तलाव कमरेइतका आहे.